नऊ डागण्या

राग किती तापतो याचं माप माझ्यापाशी आहे. आमच्या शेजारची कातारीण त्या उन्हाळ्यात अशी काही पेटली होती, की तिच्या अंगणातल्या कोंबडीने उकडलेलंच अंडं घातलं. मी सोलून खाल्लं. मीठ तेवढं कमी होतं.

गावात मला थापाड्या म्हणतात. म्हणोत बापडे. पण त्या उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी थाप माझी नव्हती. ती गावसमितीच्या कागदावर होती, शिक्क्यासकट.

कातारी, म्हणजे तिचा नवरा, लाकडाचे वाडगे कातायचा. शब्दाला महाग माणूस. "पाऊस येईल का रे?" म्हणून विचारलं तर उत्तर यायच्या आत पाऊस येऊन जायचा. पण हात सोन्याचा. पायाने लेथ चालवायचा, ओंडका गरगरायला लागला की खोलगट पटाशी हलकेच टेकवायचा, आणि ओल्या लाकडाची लांबच लांब ढलपी खांद्यावरून मागे पडायची. त्याने कातलेल्या एका वाडग्याच्या भिंतीतून मला पलीकडचा कावळा दिसला होता. कोणता कावळा तेही ओळखलं मी.

वाडगा काही एका दमात होत नाही. आधी ओल्या लाकडाचा जाडजूड कातायचा आणि त्याच्याच ढलप्यांच्या ढिगात पुरून ठेवायचा. तिथे तो सावकाश सुकतो, तडकत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी उकरून काढला की थोडा वाकडा झालेला असतो, तेव्हा पुन्हा लेथवर चढवून पातळ करायचा. मग तो जायचा बायकोकडे, आणि तिथे त्याला चेहरा यायचा.

फिरत्या काठाला ती पोलादाची दातेरी पट्टी अशी टेकवायची की पट्टी थरथरत नाचायची, आणि लाकडावर बारीक सुरकुत्या उठायच्या. त्याखाली डागकाम. शेगडीत निखारे फुलवायचे, त्यात लोखंडी डागण्या तापवायच्या, आणि एकेक उचलून नक्षी उठवायची. कुठे पूर्ण पट्टा काळा करायचा आणि तारेच्या ब्रशने घासायचा. मऊ लाकूड झडून जायचं आणि कठीण रेषा उभ्या राहायच्या. डोळे मिटून बोट फिरवलं तरी झाडाचं वय मोजता यावं.

डागण्या नऊ. तिच्या लोहार बापाने मरणाआधी घडवून तिच्या हातात ठेवलेल्या. त्यांना नावं होती. नख, चंद्रकोर, कंगवा, मासा, अशी. सगळ्यात धाकटी मुंगी. काडीएवढी बारीक, टोकाला राईच्या दाण्याएवढा गोळा. नक्षीच्या प्रत्येक फुलाच्या मधोमध शेवटचा ठिपका मुंगीचा. तो ठिपका पडेपर्यंत बाई श्वास सोडायची नाही. तिच्या भुवया कधीच्याच झडलेल्या, मनगटावर डागांची रांग, आणि हे सगळं तिला शोभून दिसायचं.

घरात तिसरी म्हातारी सासू. तयार वाडग्यांना तेल चोळायची. तोंडात दात नसल्याने शब्द अडायचे नाहीत, थेट बाहेर यायचे.

त्या उन्हाळ्यात शहरातल्या एका मोठ्या हॉटेलाने साठ वाडगे मागवले होते. पसंत पडले तर वर्षभराचं काम. महिनाअखेरीच्या टेम्पोने माल जायचा होता, आणि तेवीस वाडग्यांवर नक्षी उतरली होती.

आणि वारा सुटला. असा कोरडा वारा, की माणसाने थुंकी टाकली तर जमिनीपर्यंत पोचायची नाही. विहिरी तळाला गेल्या. समितीने दवंडी दिली की उघड्यावर कोणी विस्तव करायचा नाही. कातारणीने शेगडी कामाच्या शेडमध्ये घेतली, शेडची वाऱ्याकडची खिडकी फळ्या ठोकून बंद केली, आणि आत घामाने निथळत ती काम करत राहिली.

शेडच्या मागे गल्ली, आणि गल्लीपलीकडे गोठेवाल्याची गवताची गंजी. गोठेवाला म्हणजे चाळीस जनावरांचा धनी आणि समितीचा मुख्य. सगळे त्याला मालक म्हणत. त्याच्या बांधावरची पडलेली झाडं कातारी उचलायचा, म्हणून कातारी त्याला दोनदा मालक म्हणायचा. गंजी मधल्या खांबाभोवती रचलेली, दुमजली घरापेक्षा उंच.

रचून दहा-बारा दिवस झाले असतील. मी पहाटे उठणारा माणूस. तीन दिवस सलग मी बघितलं, की गार हवेत गंजीच्या शेंड्यातून वाफ निघते आहे, चहाच्या किटलीतून निघावी तशी. गोड, करपट असा वासही येत होता. मी चहाच्या टपरीवर सांगितलं, "गंजी आतून शिजते आहे."

टपरीवाला म्हणाला, "उतू गेली की सांग. दूध काढून घेऊ."

"खोटं नाही बोलत."

"परवा म्हणालास रेडा शिंकला आणि टपरीचं छप्पर उडालं."

"ते वेगळं."

हसले सगळे. मी पण हसलो. आयुष्यभर पेरलेलं असं एका दिवशी उगवतं.

चौथ्या दिवशी दुपारी गंजी पेटली. आधी मधून धूर, मग एकदम भडका. गाव धावलं. पाणी होतंच कुठे? माती टाकली, शेण टाकलं, ओली पोती टाकली. वाऱ्याची दिशा बरी होती म्हणून गोठा वाचला, एका कालवडीचं शेपूट तेवढं होरपळलं. कातारीण पहिल्या पाचात होती. तिने फावड्याने गल्लीतली माती ओढून ओढून आडवा बांध घातला, म्हणून शेड वाचली, आणि खरं सांगायचं तर शेडच्या पुढची अकरा घरंही. शेवटी गंजी बसली. राखेत मधला खांब एकटाच उभा राहिला.

गोठेवाला धापा टाकत वळला. त्याचं तोंड काळं झालं होतं, धोतराच्या सोग्याला भोकं पडली होती. आणि त्याला दिसलं शेडचं धुराडं.

"हिची शेगडी!" तो ओरडला. "दिवसभर विस्तव घेऊन बसते! हिचीच ठिणगी!"

तोंड काळं झालेल्या माणसाला दुसरं कोणीतरी काळं लागतंच. पन्नास माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. तिच्या हातात अजून फावडं होतं.

"वारा तिकडून इकडे आहे," ती म्हणाली. "ठिणगी वाऱ्याविरुद्ध उडते होय?"

"वाऱ्याचं मला शिकवू नको!"

"कुणीतरी शिकवायला हवं."

बस्स. तिथेच तिने गमावलं. बोलली बरोबर, पण हळू बोलली असती, तर चाललं असतं.

तासाभरात समितीचा शिपाई आला. निखाऱ्यांवर त्याने बादलीभर पाणी ओतलं. ज्या दिवसांत लोक वाटीने पाणी मोजत होते, त्या दिवसांत. मग डागण्या उचलायला गेला आणि ओरडून हात झटकला.

"गरम आहेत," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडे वापरतात त्या."

"पुरावा म्हणून नेतो आहे."

"बोटही पुराव्यात जमा कर. चांगलं भाजलंय."

त्याने डागण्या पोत्यात गुंडाळून नेल्या. कातारीण दारात उभी होती. कोंबडीच्या अंड्याची गोष्ट त्या दिवसाची.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोला समितीच्या कचेरीत बोलावलं. मी पण गेलो, कारण मला कोणी बोलावत नाही तिथे मी जातोच. टेबलावर कागद तयार होता. शिपायाने वाचून दाखवला, की माझ्या शेगडीच्या ठिणगीने गंजी जळाली हे मला मान्य आहे आणि यापुढे गावाच्या हद्दीत मी डागकाम करणार नाही.

"आठ दिवस देतो," गोठेवाला म्हणाला. "सही केलीस तर मी विसरून जाईन. माझ्या मनात काही राहत नाही. नाही केलीस, तर डागण्या सरकारजमा, आणि बांधावरची झाडंही बंद."

"मी पाहिली होती वाफ," मी म्हणालो. "तीन दिवस."

"थापाड्या, बाहेर बस."

कातारणीचं लक्ष कागदाकडे नव्हतंच. ती खोली बघत होती. खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवला होता कंगवा. चंद्रकोरीला कुलूप लटकवलं होतं. आणि दाराशी, पायपुसण्याजवळ, शिपाई बुटाचं शेण खरवडत होता ते नखाने.

तिचा चेहरा पांढरा पडला. मी लालपणाची वाट बघत होतो, पण पांढरा पडला, आणि ते फार वाईट.

"शिपाईदादा," ती म्हणाली, "ते माझ्या बापाचं काम आहे."

शिपाई बिचारा नख मागे लपवायला गेला. गोठेवाला हसला. "लोखंड आहे बाई. लोखंडाला बाप नसतो."

कातारी मान खाली घालून म्हणाला, "मालक, आम्ही विचार करतो."

घरी येईपर्यंत ती आमच्या चार पावलं पुढे होती. घरात पाय टाकला आणि सुटली.

"आम्ही विचार करतो? कोण आम्ही? विचार कसला?"

"झाडं बंद झाली तर कातू काय?"

"माझं काम बंद झालं तर कातून करशील काय? नागडे वाडगे पाठवशील?"

"कर सही. वर्षभराने लोक विसरतील."

"मी विसरीन का?"

म्हातारी कोपऱ्यात वाडग्याला तेल चोळत होती. चोळता चोळता म्हणाली, "रचायला तूच गेला होतास ना रे?"

कातारीने पटाशी हातात घेतली.

"गंजी रचायला. मजुरीवर. त्याच्या आदल्या दिवशी अवकाळी सर आली होती. माझं वाळवण भिजलं होतं, म्हणून लक्षात आहे."

कातारीण सावकाश नवऱ्याकडे वळली. "गवत ओलं होतं?"

तो पटाशीची धार अंगठ्याने चाचपत राहिला. ती धार होतीच, चाचपायची गरज नव्हती.

"ओलं होतं का, विचारते आहे."

"दमट होतं. मी म्हणालो त्यांना, दोन दिवस पसरू द्या. ते म्हणाले मजूर आजच आहेत, उद्या नाहीत. म्हणाले, तू लाकूड कात, गवत मला कळतं." तो थांबला. "मी रचलं."

"म्हणजे तुला माहीत होतं. काल मी फावडं घेऊन उभी होते तेव्हा. आज त्या कचेरीत."

"माहीत नव्हतं. वाटलं होतं."

"आणि म्हणालास मालक, आम्ही विचार करतो."

तिने हाताशी असलेला वाडगा उचलला. मला वाटलं आता हा माझ्या डोक्यावरून जाणार, कारण मी मधे बसलो होतो. पण तिने तो परत ठेवला. तिचं स्वतःचं काम तिने कधी फोडलं नाही. त्याऐवजी ती नवऱ्याला म्हणाली, "लेथ चालव."

"कशाला?"

"पाय आहेत ना? चालव."

तिने सुका वाडगा चढवला. पटाशीच्या टोकाने काठाखाली एक बारीक खाच पाडली. मग पोलादाची तार घेतली, दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी बांधलेली, आणि फिरत्या खाचेत दाबून धरली. तार किंचाळली. खाचेतून धूर निघाला, निळसर, सरळ. तार उचलली तर तिथे काळीभोर रेष. सुईने ओढल्यासारखी, एका टोकापासून त्याच टोकापर्यंत.

शेगडी थंड होती. घरात काडीपेटीसुद्धा नव्हती, शिपायाने तीही नेली होती.

ती रेघेकडे बघत राहिली. "विस्तव नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "कोणी लावला नाही, आणि जळलं."

"अजून वेगाने," ती नवऱ्याला म्हणाली.

चार दिवस तिने तारेने रेघा ओढल्या. एकाखाली एक, जवळजवळ, लांबलांब. तळहाताला तारेने चिरा पडल्या, त्यावर चिंधी बांधली, चिंधीही करपली. कातारीच्या पोटऱ्या दगड झाल्या. मी मोजलं तेव्हा त्याने पायाने इतकं चाक फिरवलं होतं, की तेवढ्यात तो शहरात जाऊन परत येऊन पुन्हा गेला असता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. नक्षी सुंदर होती, पण फुलं नव्हती. फुलांना डागण्या लागतात.

पाचव्या दिवशी कोणीतरी चुगली केली. शेडमधून धूर येतो. शिपाई धावत आला, पाठोपाठ गोठेवाला, समितीतले दोघं, आणि गाव तर तयारच असतं.

"शेगडी कुठाय?" गोठेवाल्याने विचारलं.

"तिथे."

शिपायाने हात घातला. राख थंडगार. त्याने छपराखाली बघितलं, पिंपात बघितलं, म्हातारीच्या तेलाच्या डब्यात बघितलं.

"माझ्या पदरातही बघ," म्हातारी म्हणाली. "बऱ्याच वर्षांत कोणी पेटवलेलं नाही."

कातारणीने तार उचलली, कातारीने पाय मारला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फिरत्या लाकडातून धूर निघाला.

"माणूस नाही, काडी नाही, ठिणगी नाही," ती म्हणाली. "तरी जळतं ते असं. आता इकडे या गोठेवाले."

मालक नव्हे. गोठेवाले. गर्दीत कोणीतरी श्वास आत ओढला.

अंगणाच्या कोपऱ्यात ओल्या ढलप्यांचा कमरेएवढा ढीग होता, नवे वाडगे पुरलेला. ती त्याच्याशेजारी उभी राहिली. "हात घाला. कोपरापर्यंत."

"मला काय वेड लागलंय?"

"लाकूड आहे. लाकडाला दात नसतात."

सगळे बघत होते. मागे हटणं बरं दिसलं नसतं. त्याने बाही वर सारली, ढिगात हात खुपसला, आणि कोपरापर्यंत जायच्या आतच "आई गं!" करून बाहेर काढला. हात लालबुंद, ओला, वाफाळलेला. मी त्याच ढिगात एकदा रताळी उकडली होती, पण तेव्हा तोंड बंद ठेवलं.

"हा कमरेएवढा ढीग," ती म्हणाली. "आम्ही दर चार दिवसांनी उलटतो, नाहीतर आतले वाडगे काळे पडतात. कातारणीला हे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. आता दुमजली ढीग ओल्या गवताचा घ्या, आणि बारा दिवस हलवू नका."

"गवत ओलं होतं कोण म्हणतं?"

रचायला गेलेले आठ मजूर त्याच गर्दीत होते. एकजण आभाळात बघत होता. आभाळात काही नव्हतं.

"खांब म्हणतो," ती म्हणाली, आणि चालायला लागली. गल्ली ओलांडून राखेत. सगळी वरात मागे.

खांब उभाच होता. तिने नवऱ्यापुढे हात केला. त्याने कमरेची पटाशी काढून दिली. खांबाच्या वरच्या भागावर, हात पोचेल तिथे, तिने पटाशी मारली. काळी साल टवका होऊन उडाली, आणि आत लगेच पांढरं स्वच्छ लाकूड.

"हा भडका. वरून भाजतो, आत जात नाही. डागणी जास्त तापली की माझंही असंच होतं. वर काळं, आत कोरं."

मग ती खाली वाकली. कमरेच्या उंचीवर खांब बारीक झाला होता, कुरतडल्यासारखा. तिथे पटाशी मारली. कोळसा. पुन्हा मारली. कोळसा. चार बोटं आत गेल्यावर तपकिरी लागलं, आणि ते तपकिरी थेट गाभ्यापर्यंत.

"आणि ही मंद आच. हा रंग एका दुपारीत येत नाही. दिवसेंदिवस शिजावं लागतं. बाहेरून ठिणगी पडली असती, तर खांबाच्या पोटात आधी कशी शिरली असती?"

गोठेवाल्याच्या मिशीचं टोक हललं. "लाकूड काय, कसंही जळतं. पुरावा लागतो. रचताना गवत ओलं होतं असं सांगणारा एक माणूस आण."

कातारीण नवऱ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, ते मला कळलं. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून काहीतरी निघावं म्हणून देव पाण्यात ठेवले.

"ओलं होतं," कातारी म्हणाला.

"काय?"

"ओलं होतं. मी रचलं. तुम्हाला सांगितलं होतं मी." त्याचा आवाज फाटला, वापरात नसल्यामुळे. "झाडं ठेवा तुमची."

मग आभाळात बघणारा खाली बघायला लागला आणि म्हणाला, "होतं खरं दमट." मग दुसरा. एकदा बांध फुटला की पाणी कोणाला विचारत नाही. टपरीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "वाफेचं तू म्हणाला होतास खरं." एवढं ऐकायला मी साठ वर्षं थांबलो होतो, आणि त्याला ते हळू आवाजात म्हणायचं होतं.

गोठेवाल्याने राखेवर एक लाथ मारली. "बरं बरं. झालं गेलं. गवत गेलं माझं, बोंबलता तुम्ही." आणि निघून गेला. माफी नाही, काही नाही. ज्याचं चुकतं तोच आधी म्हणतो झालं गेलं.

संध्याकाळी शिपायाने पोतं आणून अंगणात ठेवलं. कातारणीने एकेक डागणी काढून पदराने पुसली. कंगव्याचा एक दाता वाकला होता. नखाला वाळलेलं शेण. तिने मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"मुंगी कुठाय?"

"आठच होत्या."

"नऊ नेल्यास तू. त्या बोटाने मोजल्यास, त्या भाजलेल्या."

"बारीक वस्तू बाई, पडली असेल कुठे. नवी घडवून घ्या."

"ज्याने घडवली तो मेला."

शिपाई निघून गेला. कातारी म्हणाला, "मी करून देऊ? तारेची?" त्या चार दिवसांतलं त्याचं तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ती म्हणाली, "नको." पण रागाने नाही म्हणाली.

मग तिने राहिलेल्या सगळ्या वाडग्यांवर फुलं उठवली. पाकळ्या, वेली, मासे, सगळं, आणि प्रत्येक फुलाचं मधलं घर रिकामं ठेवलं. आधीच्या तेवीस वाडग्यांना ठिपका, पुढच्यांना ठिपका नसलेली फुलं. बघताना डोळ्यात कुसळ गेल्यासारखं व्हायचं.

"हॉटेलवाला विचारेल," म्हातारी म्हणाली.

"विचारू दे. सांगा, तो ठिपका आमच्या गावच्या समितीकडे आहे."

टेम्पो निघायला एक दिवस उरला होता. सकाळी मी गोठ्यावर दूध आणायला गेलो. गोठेवाला ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, बाहेरगावचे दोन पाहुणे समोर, आणि चाळीस जनावरांची थोरवी सांगता सांगता त्याचा एक डोळा मिटलेला होता. सुखाने. उजव्या कानात काहीतरी फिरवत होता. काडीएवढं बारीक. मधेच बाहेर काढलं, निरखलं, धोतराला पुसलं. टोकाला राईच्या दाण्याएवढा गोळा.

मी दूध न घेताच वळलो. शेडमध्ये गेलो तेव्हा ती साठाव्या वाडग्याची शेवटची पाकळी उठवत होती.

"मुंगी सापडली," मी म्हणालो.

"कुठे?"

"गोठेवाल्याच्या कानात."

म्हातारी हसली, फासकन. कातारीने लेथ थांबवला. मीच सांगितलेली गोष्ट माझ्याच कानाला थाप वाटली, म्हणजे बघा. पण कातारीण हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. वाफेची आठवण तिच्या डोळ्यांत मला दिसली.

"कोणत्या कानात, मामा?"

"उजव्या."

ती उठली. हात धुतले नाहीत. कोळशाने काळे हात, करपलेली चिंधी, तशीच गल्लीतून गेली, मागे कातारी, मागे मी. ओट्यावर चढली आणि पाहुण्यांच्या मधून जाऊन त्याच्यापुढे तळहात पसरला.

"द्या."

"काय द्या?" गोठेवाल्याचा हात कानाशीच गोठला.

"कानातली."

"ही? ही तर... कचेरीत पडली होती. कुणाची म्हणून..."

"माझ्या बापाची. लोखंडाला बाप नसतो म्हणालात ना? हिला होता."

एक पाहुणा म्हणाला, "मालक, काय प्रकार आहे?" त्या पाहुण्याला मी नंतर सगळा प्रकार सांगितला. थोडा वाढवून.

गोठेवाल्याने मुंगी तिच्या हातावर ठेवली. ठेवताना नजर वर केली नाही. तिने ती पुसलीसुद्धा नाही. मुठीत धरून परत आली, शेगडीपुढे बसली, आणि भात्याने निखारे असे फुलवले की शेड लाल झाली. मुंगी त्यात खुपसली.

सगळ्यात आधी आला वास. चाळीस जनावरांच्या मालकाच्या कानातला मळ जळण्याचा वास. म्हातारीने नाकाला पदर लावला. कातारी खोकला, आणि मग, देवाशप्पथ सांगतो, हसला.

कातारीण हसली नाही. साठावा वाडगा मांडीवर घेतला, श्वास रोखला, आणि पहिल्या फुलाच्या मधोमध मुंगी टेकवली.